दगडी रांजण आणि शिपिंग बिल

१९ ऑगस्ट २०२३ हा शनिवार होता. न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या संध्याकाळी कांद्याचे जे कंटेनर उभे होते, त्यांपैकी एकाची कागदपत्रे माझ्या टेबलावर होती. निफाडच्या बाजूचा माल, लाल जाळीच्या गोण्यांत भरलेला, मलेशियातल्या पोर्ट क्लांगला जायचा होता. सौदा जुलैच्या शेवटी ठरला होता, भाव डॉलरमध्ये बांधून झाला होता, जहाजात जागा घेतली होती, शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमकडे द्यायचा मालाचा अर्ज, दाखल होते आणि कंटेनरच्या दाराला सील लागले होते. कस्टम अधिकाऱ्याचा शेवटचा हुकूम, म्हणजे माल जहाजावर चढवण्याची परवानगी, ज्याला आम्ही रोजच्या कामात नुसते ‘एलईओ’ म्हणतो, तेवढा मिळायचा राहिला होता. त्याच दिवशी केंद्र सरकारची अधिसूचना निघाली आणि कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागू झाले.

निर्यातदाराचा फोन आला. हा तरुण नाशिक जिल्ह्यातला, वडिलांनंतर व्यापार सांभाळणारा. त्याच्या वडिलांपासून त्यांची कागदपत्रे मी पाहत आलो आहे. त्याने विचारले, “काका, माल तर घरून निघालाय. निघालेल्या मालाला नवा दर कसा लागेल?”

कायद्याचे उत्तर मला पाठ होते. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे निर्यात शुल्काचा दर सौद्याच्या दिवसाचा नसतो आणि शिपिंग बिल दाखल केल्याच्या दिवसाचाही नसतो. अधिकारी माल चढवण्याची परवानगी ज्या दिवशी देतो, त्या दिवसाचा तो असतो. कंटेनरमध्ये अठ्ठावीस टन कांदा होता आणि टनाला ३२० डॉलरचा भाव ठरला होता, म्हणजे शुल्काचे जवळपास तीन लाख रुपये झाले. त्या साऱ्या व्यवहारात एवढा नफा कुठेच नव्हता. मी त्याला नियम समजावून सांगितला, आणि सांगत असतानाच माझ्या लक्षात आले की नियम बरोबर सांगूनही त्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिलेले नाही.

निर्यातदारांची कस्टमची कागदपत्रे करण्याच्या या कामात तीस वर्षे गेली. बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाऊसमध्ये कागदांचे गठ्ठे घेऊन टेबलामागून टेबल फिरण्यापासून सुरुवात केली आणि आता सगळे संगणकावर आले. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या इतिहासाबद्दल जे काही वाचले ते याच कामाच्या ओढीने वाचले, आणि वाचताना बहुतेक ठिकाणी मसाल्यांचा सुगंध, रेशीम, मोती आणि धाडसी खलाशी भेटले. त्या साऱ्याचे महत्त्व मला मान्य आहे. पण आमच्या धंद्यातल्या माणसाची नजर आपोआप वेगळ्या जागी जाते: नाक्यावर कोण उभे आहे, तो किती घेतो, आणि मुख्य म्हणजे, तो किती घेणार हे माल लादण्याआधी कळले होते का. त्या ऑगस्टनंतर हा तिसरा प्रश्न माझ्या मनातून गेलाच नाही.

आमचे मूळ गाव जुन्नर तालुक्यात. त्या वर्षी दिवाळीला गावी गेलो तेव्हा मुद्दाम नाणेघाटात जाऊन आलो. शाळेच्या सहलीत पाहिलेली जागा आता निराळ्या डोळ्यांनी पाहायची होती. घाटघरच्या बाजूने सपाटीवरून चालत गेले की डोंगराला अचानक चीर पडल्यासारखी खिंड लागते आणि तिच्यातून दगडी पायऱ्या कोकणात वैशाखऱ्याकडे उतरू लागतात. डाव्या हाताला जीवधन किल्ला उभा. खिंडीच्या तोंडाशी एकाच दगडातून घडवलेला तो मोठा रांजण आहे. घाट चढून आलेल्या किंवा उतरू पाहणाऱ्या व्यापाऱ्यांच्या जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरा सांगते. मी त्याच्या काठावर हात ठेवला. हाताला लागला तो थंड, खरबरीत, शेवाळ वाळून काळा पडलेला दगड.

जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञांची नावे आहेत, दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण या नाण्यांचे आकडे आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांत ते मोजले जातात. भिंतीवर कधीकाळी राजकुळातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज वर कोरलेली नावे उरली आहेत. या लेखाबद्दल विद्वानांनी खूप लिहिले आहे. मला मात्र तिथे जाणवली ती त्या जागेची मांडणी. देशावरून कल्याण आणि सोपाऱ्याकडे जाणारा रस्ता जिथे सर्वांत अरुंद होतो, नेमका तिथेच रांजण, तिथेच राजाचे नाव, आणि तिथेच कातळात खोदलेली पाण्याची टाकी. बैलाच्या पाठीवर ओझे चढवण्याआधी जुन्नरच्या व्यापाऱ्याला ठाऊक असणार की घाटमाथ्यावर काही द्यावे लागेल, आणि त्या बदल्यात पाणी मिळेल, बांधलेली पायवाट मिळेल आणि रात्री लुटारूंची भीती कमी असेल. दगडाचा रांजण रातोरात हलवता येत नाही.

सत्ता बदलल्या तरी रस्त्याच्या बाबतीत ही जाण त्या काळच्या राज्यकर्त्यांत दिसते. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर त्याने फुकट उतार ठेवले, म्हणजे नावेतून पलीकडे जाण्याचे पैसे घेतले जात नसत, असे तो सांगतो. दाहानुका म्हणजे आपले डहाणू. नदीकाठांवर सभा आणि पाणपोया बांधल्याचेही तो नोंदवतो. त्याच लेण्यांत त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवलेल्या ३,००० कार्षापणांच्या ठेवीचा उल्लेख आहे: २,००० वर महिन्याला शेकडा एक आणि १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज. त्या व्याजातून भिक्षूंना चीवरे, म्हणजे वस्त्रे, मिळायची. व्याजाचा दर दगडात का कोरायचा, याचे उत्तर आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारावे लागणार नाही.

या घाटाखाली समुद्र होता, आणि समुद्रापलीकडे इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरची बंदरे. पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेली समुद्रप्रवासाची वही, ‘पेरिप्लस’, आज उपलब्ध आहे. तिच्यात पैठण आहे, तगर म्हणजे आपले तेर आहे, सोपारा, कल्याण आणि चौल आहेत. पैठणहून गाड्यांतून अकीक यायचे, तेरहून जाडेभरडे आणि तलम असे दोन्ही प्रकारचे कापड यायचे आणि ते भडोचला जायचे. पैठण भडोचपासून वीस दिवसांवर, तेर पैठणहून आणखी दहा दिवसांवर. भडोचला येणाऱ्या जहाजांना नर्मदेच्या मुखातल्या भरतीची आणि वाळूच्या दांड्यांची इतकी धास्ती असायची, की राजाने नेमलेले स्थानिक कोळी होड्या घेऊन पुढे जात आणि जहाज ओढून आत आणत. आज बंदरात येणाऱ्या जहाजावर पायलट चढतो, तेच काम.

याच वहीतल्या कल्याणबद्दलच्या दोन-तीन ओळी मी किती वेळा वाचल्या असतील याची गणती नाही. थोरल्या सारगन राजाच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापारी बंदर होते, पण ते संदन नावाच्या दुसऱ्या सत्ताधीशाच्या ताब्यात गेल्यावर तिथे अडवणूक सुरू झाली, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो लिहितो. सातवाहन आणि क्षत्रपांच्या झगड्यात बंदराचा नियम बदलला होता. इजिप्तमधून निघणारे जहाज जुलैत निघायचे, कारण नैऋत्य मोसमी वारा त्याला इकडे ढकलत आणायचा. परतायचे तर वारा उलटेपर्यंत, हिवाळ्यापर्यंत थांबावे लागायचे. निघताना कल्याण उघडे होते आणि पोचताना बंद झाले, तर त्या जहाजाला मागे फिरता येत नव्हते. पहाऱ्यात भडोचला नेलेल्या त्या जहाजावरच्या माणसाने काय विचारले असेल? मला वाटते, त्यानेही हेच विचारले असेल, की माल तर घरून निघाला आहे.

कर जड असला की व्यापार मरतो, असे सर्रास बोलले जाते. जुन्या पुराव्यांवरून मला ते तितके सरळ वाटत नाही. व्हिएन्नात दुसऱ्या शतकाच्या मध्याचा एक पपायरस जपलेला आहे. केरळच्या मुझिरिस बंदराशी होणाऱ्या व्यापारासाठी घेतलेल्या कर्जाचा करार त्याच्या एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजातून आलेल्या मालाचा हिशोब: गंगेच्या खोऱ्यातली जटामांसी, हस्तिदंत, कापड. त्या मालाची किंमत सत्तर लाख सेस्टर्स या रोमन नाण्यांच्या आसपास जाते. तांबड्या समुद्रावरून उंटांनी वाळवंट ओलांडून नाईलपर्यंत, तिथून नावेने अलेक्झांड्रियाला, आणि तिथे मालाच्या किमतीचा चौथा हिस्सा, म्हणजे पंचवीस टक्के, सरकारचा. इतका जड कर देऊनही लोक कर्ज काढून पुन्हा पुन्हा भारताकडे यायचे. कारण कर्जाच्या कागदावर सही करतानाच तो चौथा हिस्सा त्यात धरलेला होता. सावकाराला ठाऊक होता, ऋणकोला ठाऊक होता, आणि जहाज समुद्रात असताना तो तिसरा किंवा अर्धा हिस्सा होईल अशी भीती त्या करारात कुठे दिसत नाही.

पोर्तुगीज आले तेव्हा या समुद्रावरची रीत बदलली. सोळाव्या शतकात त्यांनी कार्ताझ नावाचा परवाना सुरू केला. तो जवळ नसलेले जहाज ते लुटत किंवा बुडवत, आणि परवाना घेतलेल्या जहाजाला गोवा, दीव, चौल किंवा होर्मुझ अशा त्यांच्या बंदरात जाऊन जकात भरणे भाग होते. नाणेघाटात जकातीच्या बदल्यात पाणी आणि वाट मिळत होती. इथे पोर्तुगिजांकडूनच होणाऱ्या हल्ल्यापासून सुटका मिळत होती. पुढे कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर आपली दस्तके, म्हणजे परवाने, चालवली, तेव्हा इंग्रजांनी त्यांना समुद्री चाचा ठरवले. तोवर परवाना देण्याचा हक्क फक्त युरोपीय आरमारांचाच मानला जात होता, हे त्या आरोपामागचे खरे कारण होय.

मराठी कागदपत्रांत या प्रश्नाचा फार नेमका विचार मला दोन ठिकाणी भेटला. पहिले ठिकाण म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळ प्रांताचा कारभार पाहणाऱ्या नरहरी आनंदराव यांना लिहिलेले मिठाचे पत्र. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते, म्हणून घाटावरचे व्यापारी बैल घेऊन तिकडेच वळतील आणि स्वराज्यातली मिठागरे बुडतील, अशी काळजी त्यात आहे. उपाय असा की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, इतकी की तिथला भाव आणि जकात मिळून ते संगमेश्वरी मिठाच्या बरोबरीला यावे. देशी धंद्याला संरक्षण म्हणून आज ज्याला आयात शुल्क म्हणतात, त्याचा सगळा हिशोब या एका पत्रात आहे. महाराजांनीही दर वाढवलाच, हे मी विसरत नाही. त्या आठवड्यात वाटेवर असलेल्या एखाद्या लमाणाच्या तांड्याला त्याचा फटका बसलाही असेल. तरीही जकात कशासाठी आणि किती, याचे माप त्या पत्रातच दिलेले आहे, आणि व्यापारी माणूस कुठल्या बाजूला वळेल याचा विचार राजाने व्यापाऱ्याच्या जागी उभे राहून केलेला आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांना, म्हणजे जहाजांना, आरमाराने त्रास देऊ नये, अशी ताकीद त्यात आहे. ‘कौल’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. देवाचा कौल, घराची कौले आणि राजाचा कौल असे त्याचे निरनिराळे अर्थ आपण रोज वापरतो, पण व्यापाऱ्याला दिलेला कौल म्हणजे ठरलेल्या अटींवर दिलेले अभय. अमुक द्या, मग तुमच्या मालाला आणि जिवाला धक्का लागणार नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराची पुढची दोनशे-तीनशे वर्षे मला या कौलाच्या शोधासारखी दिसतात.

माझे वडील ट्रकवर होते. जुन्नर-नारायणगावची भाजी आणि इतर माल घेऊन मुंबईला यायचे आणि मुलुंडच्या जकात नाक्यावर रांगेत थांबायचे. लहानपणी एकदा मी त्यांच्यासोबत केबिनमध्ये होतो. पहाटेचे तीन वाजलेले, पुढे-मागे ट्रकच ट्रक, कुणीतरी स्टोव्हवर चहा उकळत होता. पावती हातात आली तेव्हा वडिलांनी ती कपाळाला लावून खिशात ठेवली आणि म्हणाले, “पावती मिळाली की रस्ता आपला.” १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाके बंद झाले. बसच्या थांब्यांना नाव तेवढे उरले. वडिलांचे ते वाक्य मात्र मी नोकरीतल्या प्रत्येक नव्या मुलाला सांगत आलो.

पावती मिळूनही रस्ता आपला नसतो, असाही काळ या देशाने पाहिला. १८९६ मध्ये इंग्रज सरकारने विलायतेहून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क ठेवले, आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकांची तक्रार नको म्हणून भारतातल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तितकेच, साडेतीन टक्के अबकारी शुल्क लावले. मुंबईतल्या गिरणीत, इथल्या कापसापासून, इथल्या कामगाराने विणलेल्या आणि इथेच विकल्या जाणाऱ्या कापडावर तो कर होता. नियम लेखी होता, आगाऊ जाहीर झालेला होता, पावतीही मिळत होती; पण तो ज्यांनी केला त्यांची बांधिलकी दुसऱ्या किनाऱ्याशी होती. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्येच पुण्यात भारतीय अर्थशास्त्राची स्वतंत्र मांडणी केली होती, आणि हा कर लागल्यावर टिळकांनी परदेशी कापडावरच्या बहिष्काराचा पुरस्कार केला. तो कर उठायला १९२५ साल उजाडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये, जिनिव्हात तेवीस देशांनी गॅट या शुल्क आणि व्यापारविषयक करारावर सह्या केल्या आणि १ जानेवारी १९४८ पासून तो अमलात आला. स्वतंत्र होऊन जेमतेम दोन-अडीच महिने झालेला भारत त्या तेवीस देशांत होता. १९९५ मध्ये त्याची जागतिक व्यापार संघटना झाली. या संघटनेवर इकडे खूप टीका झाली, आणि शेतीच्या बाबतीत तिच्यातला बराचसा भाग खरा आहे असे मीही मानतो. पण तिच्या मुळाशी असलेली एक कल्पना मला नाणेघाटाच्या रांजणाची सख्खी वाटते. प्रत्येक देश आपल्या आयात शुल्काची कमाल मर्यादा लिहून देतो आणि तिच्या वर जाणार नाही असे वचन इतरांना देतो. यालाच बांधलेला दर म्हणतात. कौल म्हणजे याहून वेगळे काय असते?

आणि नेमके इथेच आमच्या कांद्याचे दुखणे आहे. ही वचने मुख्यतः आयात शुल्काची आहेत. निर्यातीवर कर बसवायला या कराराने जवळजवळ आडकाठी ठेवलेली नाही, आणि अन्नधान्याची गंभीर टंचाई असेल तर निर्यातबंदीलाही तात्पुरती मोकळीक आहे. बाहेरून आत येणाऱ्या मालाला कौल आहे. आतून बाहेर जाणाऱ्या शेतमालाला नाही.

सरकारला कर लावण्याचा हक्क नाही, असे माझे म्हणणे नाही. त्या वर्षी पावसाळ्यात टोमॅटोचे भाव आभाळाला भिडले होते, सण तोंडावर होते, आणि शहरात रोजंदारीवर जगणाऱ्या बाईच्या भाकरीसोबतचा कांदा महागू नये ही चिंता खोटी नव्हती. शुल्कापाठोपाठ आणखी दोन लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपये दराने खरेदी करण्याची घोषणाही झाली. माझे म्हणणे एवढेच आहे की दरवाजावर उभ्या असलेल्या मालाला जुना दर देता आला असता. जो माल सीलबंद होऊन निघाला आहे, ज्याचे शिपिंग बिल दाखल झाले आहे, त्याला एक आठवड्याची मुभा दिली असती तर शहरातल्या भावात तसूभर फरक पडला नसता.

तो कंटेनर सहा दिवस थांबला. मधल्या काळात नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले. पाचव्या दिवशी निर्यातदार स्वतः उरणला आला. परवानगी घेऊन कंटेनरचे दार उघडले तेव्हा आतून जो उग्र, गोडसर वास आला तो कांदा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ओळखू येतो. दाराजवळच्या गोणीतून त्याने एक कांदा काढला, अंगठ्याने देठाकडचा भाग दाबला आणि मला दाखवला. आत हिरवा कोंब धरला होता, जेमतेम नखाएवढा. तो काही बोलला नाही. कांदा परत गोणीत ठेवून त्याने जाळीची गाठ पुन्हा बांधली. मलेशियातल्या आयातदाराने शुल्काचा निम्मा भार उचलायचे कबूल केले, निम्मा याने उचलला, आणि माल गेला.

त्यानंतर ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठून ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क आले, सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण उठले. या मधल्या काळात त्याच्या मलेशियातल्या ग्राहकाने इतर देशांतूनही कांदा घेऊन पाहिला.

त्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. पोर्ट क्लांगहून पुन्हा विचारणा आली होती, दोन कंटेनरची. भाव ठरवायचा होता आणि जहाज अठरा दिवसांनी होते.

“काका, शुल्काचा दर किती धरू?”

मी संगणकावर त्या दिवसाची नोंद उघडली, अधिसूचनेचा क्रमांक पाहिला, तारीख पाहिली आणि सांगितले, “आज शून्य आहे.”

“जहाज सुटेपर्यंत?”

मी तीच नोंद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणालो, “आज शून्य आहे, बाळा.”